आमचे डाडा महाराष्ट्राच्या आधी आले

आज सकाळी गल्लीत टँकरपाशी भांडण झालं. पाइप आधी कुणी लावायचा, एवढंच कारण. ज्याच्या लेकराला मी दोन वर्षं माझ्या ओसरीवर बसवून गणित शिकवलं, तो माणूस मला सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्ही बाहेरची माणसं, तुम्हाला जालन्याच्या पाण्याचं काय पडलंय?" रिकामी घागर घेऊन परत आले. तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही, म्हणून लिहितेय.

माझे डाडा, म्हणजे आजोबा, सिंधमधल्या शिकारपूरचे. फाळणीत पंजाबचा काही भाग भारतात राहिला, बंगालचा राहिला. सिंध अख्खा गेला. कराचीहून बोटीनं मुंबई, मग कल्याणची छावणी. लष्करानं सोडलेल्या बराकी, आणि एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून राहणारी कितीतरी कुटुंबं. 1950 साली डाडा जालन्याला उतरले. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. 1956 ला तो मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र झाला 1960 ला. त्याच्या दहा वर्षं आधीपासून माझा आजोबा इथं कापडाचा गठ्ठा उचलत होता. मग बाहेरचं कोण?

मीटरगेजच्या पॅसेंजरनं ते आठवडी बाजार करायचे. रांजणी, परतूर, सेलू. खांद्यावर गठ्ठा, हातात कापड मोजायचा लोखंडी गज. मराठी शिकले ती बाजारातल्या बायांकडूनच. "लुगडा चांगली आहे" म्हणायचे, आणि बाया "चांगलं म्हना, शेटजी" करून सुधारायच्या.

1972 चा दुष्काळ. परतूरच्या बाजारात एक बाई आली. अंगावरच्या लुगड्याला गाठी मारायलाही जागा उरली नव्हती. म्हणाली, "शेटजी, खडी फोडायला जायचंय, पर अशी कशी जाऊ? लुगडं द्या. पैसे कवा देईन ते सांगता येत न्हाई." आणि पायातली जोडवी काढायला खाली वाकली. डाडांनी हात धरला नाही, परक्या बाईला कसे शिवणार? त्यांनी गज तिच्या पायांपुढे आडवा धरला. म्हणाले, "ताई, राहू दे. आम्ही पण अंगावरच्या कपड्यावर आला होता." आणि गठ्ठ्यातलं त्यातल्या त्यात जाड लुगडं काढून दिलं.

त्या काळात दुष्काळी माणसाकडून दामदुपटीनं वसूल करणारे व्यापारी होतेच. त्यात आमचेही असतील. असतील, नाही म्हणत नाही. पण म्हणून माझ्या आजोबाला त्यांच्या रांगेत बसवायचं?

ती बाई पुढं दर हिवाळ्यात यायची. पदरात बांधून हुरडा आणायची. आमची आजी तिला कोकी, म्हणजे आमची जाड सिंधी पोळी, करून वाढायची, सोबत पापड. दोघींना एकमेकींची भाषा धड कळत नव्हती, तरी तासभर बोलत बसायच्या. डाडा गेले तेव्हा तिचा मुलगा पायलीभर ज्वारी घेऊन बाराव्याला आला होता. "मायनं धाडली," म्हणाला आणि ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. त्याला कुणी नाही सांगितलं की हे बाहेरचे आहेत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. तो शेजारीही आठ-दहा दिवस नळाची वाट बघून पिचलेला, मला कळतं. त्याच्या लेकरानं संध्याकाळी गुपचूप येऊन दोन घागरी ओट्यावर ठेवल्या. काही बोलला नाही, मीही नाही बोलले.

मघाशी डाडांची बहात्तरची वही काढली. सगळी हटवाणिकात, सिंधी व्यापाऱ्यांची लिपी, काना-मात्रा नसलेली. मला एक अक्षर वाचता येत नाही, याची आज फार लाज वाटली. पप्पांनी एकदा परतूरच्या पानावर बोट ठेवून दाखवलं होतं. बाकी प्रत्येक ओळीत नाव आणि रक्कम आहे. त्या ओळीत नाव नाही, फक्त 'भेण' लिहिलंय. आमच्यात बहिणीला भेण म्हणतात. पुढं रकमेची जागा कोरी आहे.

उरलेली पानं वाचून देणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर सांगा. पप्पांना आता दिसत नाही.