शर्टाच्या आतला मुंबईकर

भर आठवड्यात गोव्याला फुटबॉलची मॅच बघायला जातोय, असं कोणाला सांगून पाहा. एकही माणूस विश्वास ठेवत नाही. साहेबांनी रजेच्या अर्जावरून मान वर केली, "फुटबॉल? बरं बरं," म्हणाले आणि सही करता करता गालात हसले. शेजारच्या टेबलावरून काजूची ऑर्डर आली. ऑर्डर देताना डोळा मारला गेला, त्यावरून ते बाटलीतले काजू असावेत. आई म्हणाली, "पाण्यात फार आत जाऊ नकोस." मी मडगावला निघालो होतो. तिथल्या स्टेडियमला समुद्र नाही, हे सांगायचं मी सोडून दिलं.

तर, 24 एप्रिल 2024, बुधवार. आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची सेमीफायनल, पहिला सामना एफसी गोवाच्या घरी, दुसरा पुढच्या सोमवारी आमच्या अंधेरीला, आणि दोन्हींचे गोल मिळवून निकाल. आमच्या म्हणजे मुंबई सिटीच्या. आम्ही तसे मोजकेच लोक. अंधेरीचं मैदान सात-आठ हजारांचं, आणि रणबीर कपूर मालकांपैकी एक असल्यामुळे त्यातले बरेचजण बॉलकडे पाठ करून व्हीआयपी स्टँडवर नजर लावून असतात. गोव्यात तसं नाही. तिथे 2012 पासून फुटबॉल हा अधिकृत राज्य क्रीडाप्रकार आहे, आणि सरकारने जाहीर केलं नसतं तरी काही फरक पडला नसता.

मैदानाचं कागदोपत्री नाव पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. याच नावाची स्टेडियम दिल्लीत, कोचीत, चेन्नईत आणि शिलाँगलाही आहेत, त्यामुळे तिकीट काढताना शहर दोनदा वाचावं. मडगावात मात्र सगळे नुसतं फातोर्डा म्हणतात.

पाहुण्या संघाच्या लोकांना कोपऱ्यातला एक तुकडा देतात. मी तिथेच बसणार होतो. पण मडगावात मावसबहीण राहते, आणि ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, एफसी गोवाचे कट्टर भक्त. घरात देवाच्या फोटोंइतकाच मान ब्रँडन फर्नांडिसच्या फोटोला.

"तिकीट मी काढलंय," भावोजींनी फोनवरच सांगून टाकलं. "माझ्या बाजूला बसायचं. पाहुण्याला त्या कोपऱ्यात एकटा टाकला तर तुझी ताई मला जेवायला वाढेल का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पहाटेच्या जनशताब्दीने निघालो, कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर समोरच्या गाड्यांना वाट देत देत दुपारी मडगावला पोचलो आणि संध्याकाळी जर्सीचा प्रश्न उभा राहिला. ताई म्हणाली, "निळं काही घालू नको रे बाबा, ह्यांना इथे रोज बाजारात जायचं असतं." मी म्हणालो, जर्सी नसेल तर मी आलोच कशाला? शेवटी तह झाला. आत आकाशी जर्सी, वर भावोजींचा चौकटीचा फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावून. एप्रिलचा महिना, मडगावची हवा, आत पॉलिएस्टर आणि बाहेर टेरिकॉट. स्कूटरवर फातोर्ड्याला पोचेपर्यंत मी आतून निथळत होतो.

गेटवर खिसे रिकामे झाले. नाणी गेली, पॉवरबँक गेली. मग पोलीसमामांनी अंगावरून हात फिरवला आणि छातीवरच्या जाड रबरी बिल्ल्यापाशी तो थांबला. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"मुंबय?" अगदी हळू आवाजात.

मी मान हलवली. त्यांनी आजूबाजूला नजर टाकली आणि म्हणाले, "वयलें बटण लाव."

सुटलेलं वरचं बटण लावून आत गेलो. सगळं नारिंगी. नारिंगी टी-शर्ट, नारिंगी झेंडे, ढोल. समोर पार टोकाला आमचे लोक, चिमूटभर निळे, मोकळ्या छातीने ओरडत होते. इतका हेवा मी आजवर कोणाचा केला नव्हता.

माझ्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारे अंकल बसले होते. मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पुडी. "खंयचो रे तूं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत भावोजी म्हणाले, "आमचोच." संपलं. त्या क्षणापासून मी गोंयकार.

अंकलना अर्थातच सगळं पाठ होतं. गोव्याचे जुने क्लब साळगावकर, चर्चिल, पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला धेंपो, गोलपोस्टमधला ब्रह्मानंद. ऐकायला खरंच मजा येत होती. मग ते मुंबईवर आले. "2015 साली ह्याच मैदानार सात घातले मुंबयक. सात! दुदूचे तीन, हाओकिपचे तीन." आणि माझ्या मांडीवर थाप मारून हसायला लागले. मीही हसलो. डोंबिवलीत टीव्हीसमोर बसून मी ते सातही पाहिले होते, त्यामुळे कुठल्या गोलला किती हसायचं हे कळत होतं.

सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोल केला आणि अख्खा स्टँड उभा राहिला. एकटं बसून राहिलं तर उठून दिसणार, म्हणून मीही उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या संघावर झालेल्या गोलला उभं राहून टाळ्या. छप्पन्नाव्या मिनिटाला तर ब्रँडनचाच गोल! अंकलनी मला मिठी मारली. शर्ट एव्हाना अंगाला चिकटून आतलं निळं डोकावायला लागलं होतं, पण त्यांना आनंदाने दिसत नसावं. भावोजी मात्र एकदम प्रेमळ झाले. "अरे, अजून सोमवार आहे," असं म्हणून पाठीवरून हात फिरवायला लागले. दोन-शून्यने पुढे असलेल्या माणसाच्या सहानुभूतीइतकी अपमानास्पद गोष्ट दुसरी नाही.

मिनिटं गेली. मागच्या रांगेत फायनलच्या गप्पा सुरू झाल्या. काहीजण स्कूटर काढायला उठलेसुद्धा.

नव्वदाव्या मिनिटाला आमच्या छांगतेने गोल केला.

कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मी अर्धवट उठलो होतो, तो सीटखाली काहीतरी पडल्यासारखं करून वाकलो. वर येतोय तोवर विक्रम प्रताप सिंगचा दुसरा. दोन-दोन! माझ्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. त्याला मी ताबडतोब खोकल्याचं रूप दिलं आणि ते वठावं म्हणून खोकतच राहिलो. अंकलनी पाठ थोपटली, कुणाकडून तरी पाणी मागवलं. भावोजींनी पाहिलंही नाही. ते मैदानाकडे बघत पुटपुटत होते, आणि ते स्तोत्र नव्हतं.

नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. तीन-दोन.

आता चेहरा लपवण्यापलीकडे काही उरलं नाही. मी डोकं गुडघ्यांत घातलं आणि दोन्ही हातांनी झाकून मनसोक्त हसलो. आवाज दाबायचा तर खांदे हलतात, त्याला माझा इलाज नव्हता. खांद्यावर एक हात आला. "रडूं नाका रे, पुता," अंकल म्हणाले. त्यांचाच आवाज भरला होता. "फुटबॉल असोच आसता." त्यांनी उरलेल्या शेंगांची पुडी माझ्या हातात दिली आणि हळूहळू पायऱ्या उतरून गेले. मला खरोखर वाईट वाटलं. साधारण अर्धा मिनिट.

स्कूटरवर भावोजी एक अक्षर बोलले नाहीत. स्पीडब्रेकर आला की तो जरा जास्तच जाणवायचा, एवढंच. दार उघडून ताईने विचारलं, "कोण जिंकलं?" भावोजी सरळ मोरीत हातपाय धुवायला गेले. मी शर्टाची बटणं सोडली, तेवढ्यावरून ताईला कळलं. तिने मला कोळंबीची आमटी जरा कमीच वाढली असं वाटलं, पण तो माझ्या मनाचा खेळ असेल.

भावोजी पानावर बसले. भाताला हात लावायच्या आधी त्यांनी माझ्या जर्सीकडे निरखून पाहिलं.

"ती आधी दोरीवर टाक, वास मारतेय," ते म्हणाले. मग दोन घास झाल्यावर, "सोमवारी मी येतोय अंधेरीला. तिकीट तू काढायचं, तुझ्या बाजूचं."

"तुमच्या लोकांत नाही बसणार?"

"पाहुण्याला एकटा टाकणार का तू?" त्यांनी आमटी ओरपली. "आणि तुझे शर्ट मला पोटावर बसायचे नाहीत. एखादा मोठा बघून ठेव. जाड कापडाचा."