बॅटरीचं रेल्वे इंजिन: धूर नुसता जागा बदलतो का?

बॅटरीवरच्या रेल्वे इंजिनाची बातमी आली की मागोमाग एक मेसेज फिरतो: 'सगळा दिखावा आहे. वीज कोळशाचीच, म्हणजे धूर इथून उचलून तिथे नेला. बॅटरी बनवताना होणारं प्रदूषण कधीच फिटत नाही. वर टनावारी बॅटऱ्यांचं फुकटचं ओझं.' मेसेज अगदीच बिनबुडाचा नाही, म्हणून तर उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी धूर. लीटरभर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि इंजिन भरात असेल तर चाकापर्यंत ३ युनिटच्या आसपास ऊर्जा पोचते. म्हणजे युनिटमागे ०.९ किलो. कोळशाच्या विजेचं एक युनिट तयार होतानाच जवळपास १ किलो निघतो, शिवाय चार्जिंगमधली गळती. तेव्हा वीज निव्वळ कोळशाची असेल तर मेसेजवाला जिंकला, मान्य. पण विजेचं उत्सर्जन, गळती धरून, युनिटमागे ०.७ किलोच्या खाली उतरलं की पारडं फिरतं. पुढे वीज जशी स्वच्छ होईल तसं तेच इंजिन, एकही स्क्रू न बदलता, स्वच्छ होत जातं.

आणि हा हिशेब झाला भरात चालणाऱ्या इंजिनाचा. यार्डात चित्र वेगळं असतं. शंटिंगचं इंजिन चार डबे ढकलतं, थांबतं, सिग्नलची वाट बघतं आणि तेवढा सगळा वेळ धडधडत राहतं. बंद का करत नाहीत? ब्रेकच्या पाइपात हवेचा दाब टिकवायचा असतो, कडाक्याच्या थंडीत इंजिनातलं पाणी गोठायची भीती असते, आणि बंद केलेलं जुनं धूड वेळेवर सुरू होईलच याचा भरवसा नसतो. मोठं इंजिन असं नुसतं उभ्या उभ्या तासाला दहा लीटरच्या वर डिझेल पिऊ शकतं. त्यातून चाकाला मिळालं काय? शून्य. बॅटरीचं इंजिन थांबलं की खरंच थांबतं. फार तर मधूनच कॉम्प्रेसर घरघरतो. डबे जोडणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात काजळी जात नाही, हे वेगळंच. 'धूर तिथे गेला' म्हणणाऱ्याने एकदा 'इथे' उभं राहून बघावं.

ओझ्याचा मुद्दा मोटारीवरून उचललेला दिसतो. रेल्वे इंजिनाला वजन हवंच असतं, नाहीतर लोखंडी चाक रुळावर जागच्या जागी फिरत बसेल. काही इंजिनांत त्यासाठी मुद्दाम लोखंडाचे ठोकळे भरतात.

बॅटरी बनवण्याचं प्रदूषण मात्र मोजायलाच हवं. एक युनिट वीज मावेल एवढ्या बॅटरीमागे १०० किलो कार्बन डायऑक्साइड धरू, म्हणजे ३७ लीटर डिझेलइतका. ती एकदा भरून रिकामी केली की पाव लीटर डिझेल वाचतं असं धरलं, तर १५० वेळांत फिटलं. चार्जिंगच्या विजेमुळे निम्मा फायदा गेला तरी ३००. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटऱ्या हजारो वेळा भरता येतात, आणि त्यांत कोबाल्टही नसतं. खाणींचे प्रश्न त्याने संपत नाहीत. पण 'कधीच फिटत नाही' हे खोटं.

मेसेजात नसलेली एक गोष्ट म्हणजे उतार. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन, म्हणजे डिझेलवर वीज बनवून मोटरने चाकं फिरवणारं, उतारावर त्याच मोटरने ब्रेक लावतं आणि त्यातून तयार झालेली वीज रेझिस्टरच्या जाळ्यांत उष्णता करून हवेत सोडून देतं. बॅटरी ती साठवते. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॉकटन ते बारस्टो मार्गावर वॅबटेक कंपनीचं, २,४०० युनिट वीज मावणारं बॅटरी इंजिन डिझेल इंजिनांच्या जोडीला लावून पाहिलं, तेव्हा डिझेल सरासरी ११ टक्के कमी लागलं.

गंमत म्हणजे खरी दुखरी जागा मेसेजवाल्याला सापडलीच नाही. अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल इंजिनाच्या टाकीत अठरा-एकोणीस हजार लीटर मावतं, म्हणजे चाकाशी पन्नास हजारांवर युनिटं. त्यापुढे २,४०० म्हणजे घोटभर. पूर्ण ताकदीने तासभरही पुरत नाहीत. लांब, गर्दीच्या मार्गावर डोक्यावरची तारच बरी. पण जिथे प्रवाह बंद केल्याशिवाय काम करता येत नाही, तिथे? लंडनच्या भुयारी रेल्वेत रात्री वीज तोडल्यावर दुरुस्तीच्या गाड्या कित्येक दशकं बॅटरीचीच इंजिनं ओढत आली आहेत. त्या बोगद्यात डिझेलचा धूर जाणार तरी कुठे?