सहाच्या बोटीत आठ का नाहीत, आणि पोहता येत असलं तरी जॅकेट का

नमस्कार भाऊ,

आमच्या तलावावरच्या रविवारच्या बोटफेरीला तुम्ही एक तारा दिला. तुमच्या तक्रारी अशा: सहा जणांच्या बोटीत दोन लेकरं मांडीवर घेऊ दिली नाहीत, पट्टीचे पोहणारे असूनही वास येणारं जॅकेट घालायला लावलं, दीड वर्षाच्या बाळाला नाही म्हटलं, आणि पावसाचा थेंब नसताना फेरी अर्ध्यातून वळवून पाऊण तास तलावाच्या बांधावर बसवलं. दुसऱ्या तलावावर असलं काही विचारत नाहीत, असंही तुम्ही लिहिलं आहे. इथे येणारे बाकीचे लोकही हे वाचतात, म्हणून सविस्तर लिहितो.

बोटीच्या कडेला रंगवलेला सहाचा आकडा तपासणीत ठरलेला आहे. इंजिनच्या बोटीची नोंदणी आणि तपासणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 प्रमाणे होते. त्याआधी 1917 चा कायदा होता. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नाव सागरी असलं तरी तलाव-धरणांतल्या प्रवासी बोटीही त्यांच्याच अखत्यारीत येतात. शिवाय 2021 च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार जलक्रीडा चालवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. बोटीवरच्या त्या आकड्यात आम्ही मांडीवरचं लेकरूही पूर्ण एक धरतो.

आता त्यामागचं गणित. आमच्या बोटीचा पाण्याला टेकलेला पसारा साधारण 5 चौरस मीटर आहे. म्हणजे 50 किलो वाढले की बोट 1 सेंटिमीटर खाली जाते. दोन लेकरांनी फार तर सेंटिमीटरभर फरक पडला असता. तेवढ्याने बोट बुडत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण बोट बहुतेक वेळा बुडते ती कलंडून. मांडीवर लेकरू घेतलं की वजन वर सरकतं आणि दोन्ही हात अडकतात. पाणकावळा दिसला, कोणी फोटो काढायला उठलं आणि चौघं एकाच बाजूला झुकले की कड पाण्याला टेकते. आत आलेलं पाणी खालच्या बाजूलाच धावतं, त्यामुळे बोट आणखी झुकते आणि आणखी पाणी घेते. त्यापुढे नावाड्याच्या हातात फारसं काही उरत नाही. 14 सप्टेंबर 2021 ला वरुड तालुक्यात वर्धा नदीत डोंगा उलटून 11 जण गेले. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेले 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षक गेले. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली होती. तुम्ही म्हणाल, आमची दोनच लेकरं होती. पण एका कुटुंबासाठी आकडा मोडला, तर पुढच्याला कोणत्या तोंडाने थांबवणार?

पट्टीच्या पोहणाऱ्याला जॅकेट कशाला, हा प्रश्न आम्हाला रोज ऐकावा लागतो. हा जुना मालगुजारी तलाव आहे, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेला. काठाला बेशरमची झाडं, पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे, आणि मच्छीमार सोसायटीची जाळी. बोट उलटताना डोक्याला कड लागली तर पोहणं येऊन उपयोग नाही. अंगावर जीन्स असते, पायात बूट असतात. आणि शेजारचा घाबरलेला माणूस सगळ्यात आधी पोहणाऱ्याच्याच गळ्यात पडतो. आमची जॅकेटं 100 न्यूटनची आहेत, म्हणजे साधारण 10 किलोचा उचल-जोर, आणि मानेमागे कॉलर. 50 न्यूटनची पातळ जॅकेटं स्वस्त मिळतात, पण ती शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी मदत म्हणून असतात. घातल्यावर नावाडी खांद्याला धरून वर ओढतो तो अपमान करायला नव्हे. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. पदर किंवा ओढणी आधी खोचायची आणि जॅकेट वरून घालायचं.

वासाबद्दल: भिजलेली जॅकेटं आम्ही साध्या पाण्यात खळबळून सावलीत हँगरला लावतो. उन्हात तासाभरात वाळतील, पण विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात कापड आणि शिवण कुजते, आतला फोम आकसतो. त्यामुळे गर्दीच्या रविवारी ती थोडी दमट मिळतात आणि वास येतो. ते तुम्हाला चालवून घ्यावं लागेल, जॅकेट कमजोर झालेलं चालणार नाही. दर महिन्याला प्रत्येक जॅकेटला साडेअकरा किलो लोखंड बांधून ते 24 तास पाण्यात ठेवतो. लोखंड पाण्यात आठव्या हिश्शाने हलकं भरतं, म्हणजे जॅकेटवर बरोबर 10 किलोचा भार येतो. जे बुडालं ते कापून फेकायचं, कोपऱ्यात ठेवायचं नाही. ठेवलं की गर्दीत ते परत बाहेर येतंच. बरं, जॅकेट उशीसारखं खाली घेऊन बसू नका. फोम चेपला की तो पुन्हा फुगत नाही.

तुमच्या बाळाला नकार दिला कारण एवढ्या वजनाचं जॅकेट आमच्याकडे नाही. लहान मुलांचं जॅकेट वजनावरून ठरतं आणि त्याला पायांमधून जाणारा पट्टा लागतोच. मोठ्या मुलाचं जॅकेट आवळून बाळाला घातलं तर बाळ त्यातून खाली निसटतं.

फेरी वळवली ती गडगडाट ऐकू आला म्हणून. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू बोटच असते. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पाण्यात जायचं नाही, आणि मध्ये पुन्हा गडगडलं की मोजणी पहिल्यापासून. म्हणून पाऊण तास झाला. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर पावसाआधी जो वारा सुटतो, तो मला विजेइतकाच धोक्याचा वाटतो. बोटीचं छत शिडासारखं वारा धरतं. त्यातच इंजिनच्या पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलं तर बोट वाऱ्याला आडवी होते. अशा वेळी नांगर नेहमी पुढून टाकतात, कारण मागे इंजिनचं वजन असतं आणि मागची कड आधीच खाली असते. नांगर, दोन वल्ही आणि नावाड्याच्या मनगटाला बांधलेली इंजिन बंद करायची दोरी नसेल तर बोट घाटावरून सुटत नाही.

अर्धवट फेरीचे पूर्ण पैसे परत मिळतात. तिकीट खिडकीवर तसं लिहिलेलं आहे. पावती दाखवा, तारीख उलटली असली तरी चालेल. सहापेक्षा जास्त जण असाल तर दोन बोटी सांगा, त्या सोबतच सोडू. वारा सकाळी 7 ते 10 मध्ये सगळ्यात शांत असतो. लेकरांचं वजन आधी कळवलं तर त्यांच्या मापाची जॅकेटं वेगळी काढून ठेवू.