हिशोब मागितला की चांभारचौकशी?

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका ताईंनी रंगकामाचा हिशोब मागितला. समोरून उत्तर आलं, "कशाला चांभारचौकशा करताय?" सगळे हसले. मी उठलो, पण आवाजच फुटेना. म्हणून इथे लिहितोय.

माझे आबा चांभार. कोल्हापुरात जन्मभर चपला शिवल्या. गिऱ्हाईक पायरीवर टेकलं की आधी प्रश्न. रानात घालणार का गावाला जाताना? टाच कुठं टोचती? मग त्याची जुनी चप्पल उलटी करून तळावरून अंगठा फिरवायचे, कुठल्या बाजूनं झिजलीय ते बघायचे. एवढी चौकशी झाल्याशिवाय कातड्याला रापी लागत नसे.

आणि शब्द तरी काय वाईट आहे? कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार, तसाच चर्मकाराचा चांभार. कातड्यातून वस्तू घडवणारा, बस्स. पण सोनारानं कान टोचले की जाणत्या माणसाचा शब्द, आणि चांभारानं विचारलं की नसती उठाठेव! हा न्याय कुठला?

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, मिलानच्या रॅम्पवर तशाच चपला दिसल्या तेव्हा तुम्ही सगळे 'आमची कोल्हापुरी' म्हणून पेटून उठला होतात. मीही उठलो होतो. चप्पल आमची, मग ती शिवणाऱ्याचं नाव टोमणा मारायला कसं चालतं?

बोलण्याच्या ओघात येतो शब्द, मनात काही नसतं, असं एक मित्र म्हणाला. नसेलही. आमच्यातलेही बरेच जण चर्मकार असंच लिहितात, कारण दुसरा शब्द त्यांनी शिवी म्हणूनच ऐकलाय. त्यांना मी काय बोलणार? पण आबा विचारलं की 'चांभार' म्हणून सांगायचे, मान वर करून.

आता राग उतरलाय. आबांची आरी समोर ठेवलीय. मुठीचं लाकूड त्यांच्या तळव्याच्या आकाराचं झालंय.

माझ्या लग्नातल्या चपला त्यांच्या हातच्या शेवटच्या. नजर अधू झाली होती, वादी ओवायला आजी मदत करायची. तरी माप घेताना मला दोनदा विचारलं, "डावा पाय अजून आत वळतोय का रं तुझा?"

अजून वळतो.