आजोबांना सातबाऱ्यावर अमर कसं ठेवावं

तुमचे आजोबा जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील. फोटोला हार आहे, पितृपंधरवड्यात पान वाढलं जातं, कावळाही फारसे आढेवेढे न घेता शिवतो. पण सातबारा काढून बघा. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, रकान्यात आजोबा ताठ बसलेले आहेत, शेतसाऱ्याच्या आकारासकट, नापीक पोटखराब्यासकट.

हे आपोआप होत नाही. त्याला दोन पिढ्यांचा आळस लागतो आणि थोडी कचेरीची साथ लागते. दोन्हींचा आपल्याकडे तुटवडा नाही. तरी दर गावात एखादा उतावळा निघतोच, जो वेळेत वारसनोंद करून घरातलं वडीलधारं माणूस रेकॉर्डवरून घालवून बसतो. तुमच्या हातून असं होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

धोक्याचे दिवस म्हणजे पहिले तीन महिने. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४९ सांगतं की वारसाहक्काने जमीन मिळाली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवा. (२०२४ पासून तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं. पदाचं नाव बदलायला कुणाचा मृत्यूदाखला लागला नाही.) अर्जाला लागतं तरी काय? मृत्यूचा दाखला, आठ-अचा म्हणजे खात्याचा उतारा, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, नाती आणि एक शपथपत्र. सरकारच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर घरबसल्याही अर्ज करता येतो. इतकं सोपं असल्यामुळेच जपायला हवं. ‘वर्षश्राद्ध होऊ द्या, मग बघू’ हे वाक्य इथे रामबाण आहे. सुतकात उतारा काढणारा मुलगा जमिनीवर टपलेला ठरतो, आणि सुतक फिटल्यावर पेरणी असते.

मृत्यूची नोंद ज्या हद्दीत मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. आजोबा शहरातल्या दवाखान्यात गेले असतील तर दाखला त्या महापालिकेकडे मिळणार. तेव्हा तुम्ही आधी सहा महिने आपल्याच ग्रामपंचायतीत चकरा मारा. आणि नोंदच झाली नसेल, तर सोन्याहून पिवळं. एकवीस दिवसांच्या आत ती फुकट होते. वर्ष उलटलं की आधी अनुपलब्धतेचा, म्हणजे नोंद सापडत नसल्याचा, दाखला, मग दंडाधिकाऱ्याचा आदेश. हे दोन कागद हाती येईपर्यंत आजोबांची शंभरी रेकॉर्डवर सहज साजरी होते.

आता नावाकडे या. खरी कारागिरी इथेच आहे. सातबाऱ्यावर ‘रामा बिन गणू’, म्हणजे गणूचा मुलगा रामा. रेशनकार्डावर ‘रामचंद्र गणपत’. मतदारयादीत ‘रामचंदर गनपत’. मृत्यूदाखल्यावर ‘रामचंद्रराव’, आणि बापाच्या नावाच्या जागी रेघ. झाली चार माणसं. त्यातलं मेलं शेवटचं, जमीन पहिल्याची; मग पहिल्याचं नाव कोण कमी करणार? हा परिणाम साधायचा तर दवाखान्यातला फॉर्म धावपळीत एखाद्या पुतण्याकडे भरायला द्यावा. त्याला आजोबांचं नाव ‘आबा’ एवढंच माहीत असतं. मृत्यू नोंदवतानाच सातबारा समोर धरून नाव घातलं, तर सगळा खेळच बिघडतो. नाव चुकलंच तर जन्म-मृत्यू निबंधकाकडे पुराव्यासह दुरुस्ती मागता येते. नाहीतर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, जोडता येतात. जुना फेरफार बहुधा कामाला येतो, कारण आजोबांचं नाव कुणाकडून आणि कसं लागलं ते त्यात पूर्ण नावानिशी असतं. तो रेकॉर्ड रूममधून काढायचा. काढू नका.

एवढं करूनही अर्ज गेलाच, तर पुढचा रस्ता माहीत असलेला बरा, म्हणजे खड्डा नेमका कुठे खणायचा ते कळतं. गावाचं महसुली दप्तर एकवीस नमुन्यांचं. अर्ज आला की तलाठी सहा-कमध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, तो घेतो. स्थानिक चौकशी होते. पोलीस पाटील, सरपंच, शेजारचे चार जण. तलाठ्याच्या वरचे मंडळ अधिकारी वारस ठरवतात. मग नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, नमुना नऊची नोटीस निघते, चावडीवर प्रत लागते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. कुणी बोललं नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि आजोबा कंसात जातात, म्हणजे त्यांचं नाव कमी होतं. कंसात गेलेला माणूस परत येत नाही. मात्र या पंधरा दिवसांत एक लेखी हरकत पडली, की प्रकरण सहा-अमध्ये, विवादग्रस्त नोंदींच्या वहीत. तिथे सुनावणी, तिथे तारखा, तिथे आजोबांना पुढची बरीच वर्षं मरण नाही.

हरकत बाहेरून आणायची गरज नसते, ती घरातच तयार करता येते. वंशावळ लिहिताना आत्यांची नावं विसरा. ‘त्यांना कशाला, त्या आपल्या घरी सुखी आहेत’ असं म्हणत पोलीस पाटलांकडे बघून हसा. कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्राने सहदायकीचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच वाट्याचा, हक्क १९९४ सालीच दिला, केंद्राने २००५ साली, आणि लग्न झालं म्हणून तो संपत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पुन्हा एकदा सांगितलं. पण न्यायालय दिल्लीत, वंशावळ तुमच्या हातात. नोटीस चावडीवर लागेल आणि आत्या सासरी, तीन तालुके पलीकडे. वाचणार कोण? अडचण एकच. आत्यांना हल्ली नातू असतात, नातवांकडे मोबाइल असतो आणि महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर पंधरा रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा निघतो. मग अपील होतं, फेरफार रद्द होतो, गाडी पहिल्या स्टेशनावर येते. भाऊबीजेचं ताट तेवढं कायमचं बंद होतं.

ज्यांना हे सरळ उरकायचं असतं, ते सगळ्यांची नावं आधी लावून घेतात. मग जिला खरोखर हिस्सा नको असेल, ती दुय्यम निबंधकासमोर जाऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देते. वडिलोपार्जित जमीन, जवळचं रक्ताचं नातं आणि मोबदला नाही, एवढं जुळलं तर मुद्रांक पाचशे रुपयांचा. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. वहीचं पान फाडा, ‘मी राजीखुशीने हक्क सोडत आहे’ असं लिहून घ्या, खाली अंगठा, बाजूला दोन साक्षीदार. कायद्यात या कागदाला किंमत नाही, पण भावाला वीस वर्षं तो देवघरात जपून ठेवता येतो.

याहून सफाईदार जुनी युक्ती हवी असेल तर ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्याचं एकट्याचं नाव लावायचं आणि बाकीच्या भावंडांना सांगायचं, ‘नाव माझं, जमीन सगळ्यांची.’ थोरला जाईपर्यंत हे खरं असतं. तो गेला की त्याची मुलं म्हणतात, नाव त्यांचं होतं ना? तीच गत अ.पा.क.ची. अज्ञान, म्हणजे वयाने लहान, म्हणून ज्याच्या नावापुढे पालनकर्ता आई लागली, तो आता साठीचा झाला, दोन नातवंडं खेळवतो, पण सातबाऱ्यावर अजून आईच्या पदराआड आहे. हे दोन्ही शेरे कमी करायचा अर्ज ई-हक्कवर आहे. वयाचा दाखला लागतो. साठ वर्षांच्या माणसाला तो सज्ञान झाल्याचा पुरावा मागताना बाबूच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, हे जाऊन बघण्यासारखं आहे.

कागदांच्या बाबतीत सढळ राहा. कुणी स्टॅम्प आणा म्हटलं की लगेच पाचशेचा आणा. सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झालंय, हे तोंडातून काढू नका; कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्याच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? तो ‘कोर्टातून वारस दाखला आणा, त्याशिवाय होत नाही’ असंही सांगेल. तो दाखला १८२७ सालच्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालय देतं. वाद नसेल तर सातबाऱ्याच्या नोंदीला त्याची गरज पडत नाही. पण दोनशे वर्षांच्या कायद्याचा मान राखावा. अर्ज करा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, वकिलाला चहा पाजा. वर्ष आरामात जातं.

एक चूक मात्र अजिबात करू नका: पोच मागू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घेतला की लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ लागू होतो. मग मुदत मोजली जाते. वेळेत काम झालं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग, आणि चूक सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड. एवढ्या तेवढ्यासाठी माणसाचं वाटोळं? त्यापेक्षा अर्ज टेबलावर ठेवा, वर पेपरवेट ठेवा, ‘बघा साहेब जरा’ म्हणून निघून या. पेपरवेटखालच्या अर्जाला मुदत लागत नाही. हुशार कचेरी पोच देऊनही यातून सुटते. मुदत परिपूर्ण अर्जापासून धरायची, म्हणून चौदाव्या दिवशी त्रुटी काढायची: वारस क्रमांक तीनच्या आधारची प्रत अस्पष्ट. ती दिली की पुढची त्रुटी. सगळ्या त्रुटी एकाच वेळी लेखी मागणारा अर्जदार भारी पडतो. तुम्ही तसे नाही आहात.

२०२५ साली सरकारनेच ‘जिवंत सातबारा’ अशी मोहीम काढली. १ एप्रिलपासून राज्यभर गावोगाव चावडीवाचन (म्हणजे चावडीवर सातबारे वाचून दाखवणं), मयत खातेदारांची यादी, वारसांकडून कागद, फेरफार. नावावरून वाटेल की आजोबांना जिवंत ठेवायचीच योजना आहे. फसू नका. चावडीवाचनाच्या दिवशी शेजारच्या गावच्या यात्रेला जा. यादीत नाव आलंच तर ‘कागद गोळा करतोय’ म्हणा. हे उत्तर मोहिमेपेक्षा जास्त टिकतं.

हे सगळं निगुतीने पाळलं तर आजोबांच्या दीर्घायुष्याची फळं दिसू लागतात. पीक कर्जाला सोसायटी म्हणते, खातेदाराला आणा. शेतकरी ओळख क्रमांक काढायला केंद्रात आधार मागतात; तुमचं आहे, पण जमीन नाही, आजोबांकडे जमीन आहे, पण बोट नाही. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार बुडतात. त्यात १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही, खातेदाराच्या मृत्यूने वारसाकडे आलेली मात्र चालते. तुमच्यासाठी ठेवलेली ही फट तुम्ही स्वतःच बुजवलेली असते. गारपिटीचे पैसे आले, तर ते ज्या माणसाला जमा करायचे तो आधीच ढगांच्या वर.

आणि एक दिवस रस्ता येतो. सहा पदरी, तुमच्या विहिरीवरून. मोजणीवाले खांब रोवून जातात, भूसंपादनाची नोटीस निघते, पाकिटावर ठळक अक्षरात आजोबांचं पूर्ण नाव: रामा बिन गणू. पोस्टमन दारात उभा राहून विचारतो, आहेत का घरात? गडबडू नका. सही करू नका. शेताकडे बोट दाखवा आणि सांगा, तिकडेच आहेत.