‘सगळे दिवे लावा, बाकी फिल्टर बघेल’ हा सल्ला का ऐकू नये

लहान व्यवसाय चालवणाऱ्यांमध्ये विक्रीच्या वस्तूंचे फोटो काढण्याबद्दल एक सल्ला सारखा फिरत असतो: “फोन चांगला असला की झालं. वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवा, घरातले सगळे दिवे लावा, अगदी जवळ जाऊन फोटो काढा, उरलंसुरलं फिल्टर बघून घेईल.” यातलं पांढऱ्या कागदाचं तेवढं अर्धं खरं आहे. बाकीचं ऐकलं तर चांगली वस्तूही कळकट दिसते.

“सगळे दिवे लावा.” सर्वांत जास्त नुकसान याच वाक्याने होतं. पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण २७०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळट), पांढऱ्याशुभ्र ट्यूबचा ६५०० च्या आसपास, खिडकीतला आणखी वेगळा. कॅमेरा सहसा अख्ख्या चित्राला एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची दुरुस्ती, लावतो. मग एकाच बरणीची एक बाजू पिवळी येते, दुसरी निळी. पिवळेपणा कमी करायला जावं तर निळी बाजू आणखी निळी होते.

म्हणून आधी घरातले दिवे बंद करा. थेट ऊन येत नाही अशा खिडकीपासून दोन-तीन फुटांवर टेबल ठेवा, उजेड वस्तूच्या बाजूने येऊ द्या. ऊन येतच असेल तर मध्ये पातळ पांढरा पडदा किंवा ट्रेसिंग पेपर लावा. खिडकीच्या समोरच्या बाजूला, वस्तूपासून वीतभर अंतरावर पांढरा पुठ्ठा उभा करा आणि सावली हवी तितकी उजळेपर्यंत पुढे-मागे सरकवा. विणकाम किंवा कोरीवकाम असेल तर पुठ्ठा लांबच बरा. पोत दिसतो तो बारीक सावल्यांमुळे. चहूबाजूंनी उजेड टाकला की तो सपाट होतो.

चकचकीत धातूचं गणित वेगळं. तो समोर जे असेल तेच दाखवतो: तुमचा शर्ट, फोन, छताचा पंखा. त्याच्या तिन्ही बाजूंना आणि वरूनही पांढरा कागद लावा, फोनपुरती फट ठेवा. काचेची कड पार्श्वभूमीत हरवत असेल तर दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करा. कड लगेच उठून दिसते.

“पांढऱ्या कागदावर ठेवा.” नुसता टेबलावर पसरला तर मागे कागदाची कड दिसते. तो भिंतीवर वर चिकटवा आणि घडी न पडू देता वळण देत टेबलावर उतरवा. तरीही फोटोत तो करडाच येईल, कारण कॅमेऱ्याचं प्रकाशमापन बहुतेक पांढऱ्या चित्राला मध्यम करड्याकडे ओढतं. वस्तूवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, ०.७ ते १ स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). त्याहून जास्त वाढवलं तर वस्तूच्या फिकट कडा कागदात विरघळतात.

“अगदी जवळ जा.” फोनची मुख्य लेन्स वाइड (रुंद दृश्य टिपणारी) असते, पण वस्तू बेढब दिसते ती अंतरामुळे. ८ सेंमी रुंदीचा कप १५ सेंमीवरून टिपला तर त्याची पुढची बाजू मागच्या बाजूच्या जवळपास दीडपट मोठी दिसते. ६० सेंमीवरून हा फरक साधारण १३ टक्क्यांवर येतो. मागे सरका आणि २एक्स झूम वापरा. फार जवळ गेलं की काही फोन आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर जातात, तेही बंद करता आलं तर करा.

“फोन चांगला असला की झालं.” उजेड कमी पडला की महागडा फोनही आयएसओ (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवतो, मग नॉइज (त्यामुळे फोटोत येणारे दाणे) पुसताना कापडाचे धागेही पुसून टाकतो. ट्रायपॉड आणि २ सेकंदांचा टायमर लावला की जुन्या फोनलाही कमी आयएसओवर काम करता येतं. आणि लेन्स पुसा. बोटांचा तेलकटपणा असला की सगळं धुरकट येतं.

“फिल्टर बघून घेईल.” फिल्टर रंगच बदलतो, आणि फोटोतला रंग हातात आला नाही की गिऱ्हाईक वस्तू परत पाठवतं. पहिला फोटो वस्तूशेजारी करडं कार्ड (रंगाची झाक नसलेला करडा पुठ्ठा) ठेवून काढा, व्हाइट बॅलन्स त्यावरून ठरवा आणि तेच सेटिंग त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना लावा. ढग आला-गेला की कार्डाचा फोटो पुन्हा काढा. शेवटी वस्तू स्क्रीनशेजारी धरून रंग ताडून बघा. मरून आणि जांभळ्यात सर्वांत जास्त फसगत होते.