खोबऱ्याच्या वाट्या आणि आकाशमार्ग

विमानप्रवासाला निघण्यापूर्वी नियम वाचण्याची जी सवय अलीकडच्या पिढीत बळावत चालली आहे, तिच्यापासून आपण कटाक्षाने दूर राहावे, अशी कळकळीची विनंती आहे. ज्या अर्थी हे नियम तिकिटाच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेले असतात, त्या अर्थी ते कोणी वाचावेत अशी छापणाऱ्यांचीही इच्छा नसावी. शिवाय घरी चहा पिता पिता मिळालेल्या ज्ञानाची किंमत राहत नाही. तेच ज्ञान मागे चाळीस माणसे ताटकळत असताना, एका हाताने पँट सावरत मिळवले, की जन्मभर लक्षात राहते.

सामानाचे वजन घरी करू नये. आधी स्वतः काट्यावर उभे राहायचे, मग बॅग उचलून उभे राहायचे आणि वजाबाकी करायची, या पद्धतीत बॅगेपेक्षा स्वतःविषयीच नको ती माहिती हाती लागते. देशांतर्गत प्रवासात मोठ्या बॅगेला साधारणपणे १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो अशी मर्यादा असते. आपण १९ किलो घेऊन काउंटरवर जावे, जास्तीच्या किलोंचे पैसे ऐकून ‘मापात पाप’ असल्याचा स्पष्ट आरोप करावा आणि मग तिथेच जमिनीवर बॅग उघडून बसावे. टॉवेल, बनियन आणि लाडवांचा डबा यांचे या बॅगेतून त्या बॅगेत स्थलांतर चालू असताना रांगेतली माणसे घड्याळाकडे पाहतात, पण एकीकडे डब्यात काय आहे हेही निरखून घेतात.

मोठ्या बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या अवश्य ठेवाव्यात. परगावच्या सुनेला चांगले खोबरे मिळत नाही, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा आहे आणि विमानतळाच्या भीतीने ती सोडण्याचे कारण नाही. खोबऱ्यात तेल भरपूर असल्याने ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून माल वाहतुकीच्या जगात त्याची गणना धोकादायक पदार्थांत होते आणि प्रवाशांच्या सामानातही त्याला बंदी आहे, हे आपणांस कोणी सांगितल्यास ‘आमच्या फडताळात तर कधी पेटले नाही’ एवढेच म्हणावे. ओल्या नारळाचे भाग्य त्या मानाने बरे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने शबरीमलाच्या यात्रेकरूंना २० जानेवारी २०२५पर्यंत नारळ केबिनमध्ये नेण्याची मुभा दिली होती. यावरून नारळ हा तत्त्वतः धोकादायक असला तरी भक्तिभावाने आणि ठरावीक मुदतीत तो निरुपद्रवी होतो, असा निष्कर्ष निघतो.

पॉवर बँक याच बॅगेच्या तळाशी, पैठणीच्या घडीत गुंडाळून ठेवावी. लिथियमच्या बॅटरीने केबिनमध्ये पेट घेतला तर कर्मचारी ती विझवू शकतात, सामानाच्या कप्प्यात कोणाचा हात पोहोचत नाही, म्हणून ती जवळच बाळगावी असा नियम आहे; पण तो पाळल्यास आपले नाव ध्वनिक्षेपकावरून कधीच पुकारले जाणार नाही. न पाळल्यास ते तीनदा पुकारले जाते, तिन्ही वेळा वेगवेगळ्या उच्चारांत, आणि मग एका खोलीत आपल्याच हाताने आपली पैठणी परक्या माणसांसमोर उलगडण्याचा योग येतो.

खरी रंगत सुरक्षा तपासणीच्या रांगेत आहे. माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याला घेऊन मी पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. तिची कापडी पिशवी यंत्रातून पुढे सरकली, थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. पडद्यासमोरच्या जवानाने मान तिरकी करून पाहिले आणि शेजारच्याला बोलावले. पिशवीतून पानाचा डबा निघाला आणि डब्यातून अडकित्ता: पितळी, मोराच्या आकाराचा, पात्याला वर्षानुवर्षांची धार. ‘माताजी, ये किस लिए है?’ असे जवानाने अत्यंत अदबीने विचारले. आत्याने आयुष्यात हिंदी जितके ऐकले होते तितके सगळे एकवटून, खणखणीत आवाजात उत्तर दिले, ‘सुपारी के लिए.’ रांगेतले मुंबईकर दोन पावले मागे सरकले. जवानाने मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता पुढे विचारले, ‘किसकी?’ तो हसत होता की चौकशी करत होता, हे मला आजही ठरवता आलेले नाही. अडकित्ता घेऊन मी परत काउंटरकडे धावलो, तोवर आमची मोठी बॅग पट्ट्यावरून दिसेनाशी झाली होती. शेवटी तो तिथेच, जप्त झालेल्या नेलकटरांच्या आणि लायटरच्या खोक्यात ठेवावा लागला. आत्याने जाताना त्याला नमस्कार केला.

तेव्हा आपणही धारदार वस्तू हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात आणि अडवल्यास ‘मी काय अतिरेकी दिसतो का?’ हा प्रश्न विचारावा. हा प्रश्न केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी पूर्वी कधीच ऐकलेला नसतो. कंदहारच्या अपहरणानंतर, २०००च्या फेब्रुवारीत जयपूरपासून त्यांच्याकडे विमानतळांची सुरक्षा येऊ लागली आणि तेव्हापासून ते याच प्रश्नाची वाट पाहत उभे आहेत.

तपासणीतला जवळजवळ प्रत्येक जाच हे कोणा एखाद्याचे स्मारक आहे, हेही ध्यानात असू द्यावे. २००१च्या डिसेंबरात पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एका माणसाने बुटातली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. त्याच्या स्मरणार्थ अमेरिकेतल्या विमानतळांवर लोक २०२५च्या जुलैपर्यंत मोजे दाखवत फिरत होते. २००६च्या ऑगस्टमध्ये लंडनला पेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला आणि तेव्हापासून परदेशी जाणाऱ्याच्या हातातल्या बॅगेतली बाटली १०० मिलिलिटरांत बसवावी लागते. इथे मोजली जाते ती बाटलीची क्षमता, आतला ऐवज नव्हे. म्हणून आपण २०० मिलिलिटरांच्या बाटलीत तळाला चमचाभर उरलेले माक्याचे तेल न्यावे आणि ते चमचाभरच आहे, या विषयावर किमान पाच मिनिटे युक्तिवाद करावा. युक्तिवाद बिनतोड असल्याने तो फेटाळला जाईल.

एक नियम मात्र असा आहे की त्याची थट्टा करवत नाही. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही विमानात राहता कामा नये. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ कोसळले आणि ३२९ माणसे गेली, ती अशाच एका बॅगेमुळे: व्हँकुव्हरला ती ज्याने चढवली, तो स्वतः विमानात बसलाच नव्हता. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८७मध्ये, नागरी विमान वाहतूक सुरक्षेचा स्वतंत्र विभाग आपल्याकडे उभा राहिला.

बॅगेशिवाय प्रवासी नेण्यास मात्र कसलीही आडकाठी नाही, आणि या मोकळीकीचा लाभ आपणांस मिळावा म्हणून पुढील काळजी घ्यावी. मागच्या प्रवासांचे टॅग बॅगेवरून कधीही काढू नयेत. सरकत्या पट्ट्यावरच्या यंत्राला बारकोड वाचायचा असतो. त्याच्यापुढे चार-पाच पर्याय ठेवले तर त्यालाही निवडीचे स्वातंत्र्य मिळते. गोव्याला जाताना दाबोळी आणि मोपा या दोन विमानतळांत भेद करू नये, दोन्ही गोवाच आहेत. आपण पेडण्याच्या बाजूला उतरावे आणि मेव्हण्याला वास्कोत गाडी घेऊन उभे करावे, म्हणजे उभयतांना मोकळा वेळ मिळतो.

उतरल्यावर ट्रॉली थेट पट्ट्याला टेकवून उभे राहावे. विमान थांबल्यापासून पहिली बॅग १० मिनिटांत आणि शेवटची ३० मिनिटांत यावी असा दंडक आहे, पण आपण पुढे वाकून पाहिल्याने ती लवकर येते, असा सर्वांचा अनुभव आहे. ओळखीसाठी काळ्या बॅगेला लाल रिबन बांधावी. पट्ट्यावरच्या बाकीच्या काळ्या बॅगांनाही ती बांधलेली असते, त्यामुळे आपण एकटे पडत नाही.

बॅग आलीच नाही, तर तक्रार नोंदवण्यासाठी विमानतळावर थांबू नये. घरी जावे, आंघोळ करावी, जेवावे, आणि मग सावकाश फोन लावावा; काउंटरवर तिथल्या तिथे लेखी नोंद केल्याने शोध उगाच सोपा होतो. देशांतर्गत प्रवासात सामान हरवल्यास कंपनीची जबाबदारी २०,००० रुपयांपर्यंत असते, तेव्हा त्यात लग्नाचे दागिने ठेवण्यास हरकत नाही.

हे सारे मी ऐकीव सांगत नाही. भाचीच्या लग्नाला नागपूरला जाताना माझी बॅग एका विमान कंपनीने, जिचे नाव सांगून मी तिला संकोचात टाकू इच्छित नाही, स्वतःच्या मर्जीने अन्यत्र नेली. लग्न मी मेव्हण्याच्या सदऱ्यात साजरे केले. त्याच्या बाह्या माझ्या कोपरांच्या जरा खाली संपत होत्या आणि प्रत्येक फोटोत मी भांडी घासून नुकताच आल्यासारखा दिसतो. मांडव उतरला, सत्यनारायण झाला, आणि चौथ्या दिवशी दुपारी एका मुलाने बॅग दारात आणून सहीसाठी कागद पुढे केला. तिच्या मुठीला जुन्या टॅगांच्या जोडीला आणखी एक नवा टॅग लटकत होता आणि त्यावर ठळक अक्षरांत एकच इंग्रजी शब्द छापलेला होता: ‘रश’.